कॅप राउंड आणि अमेरिकेतली ‘कॅप’

‘कॅप’ म्हटलं की आपल्याला ॲडमिशनचे राउंड आठवतात. अमेरिकेतल्या चार्टर शाळांबद्दल वाचताना मला भेटलेली ‘कॅप’ मात्र वेगळीच! चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, बिनफीची, पण स्वतंत्र कारभाराची शाळा. पहिला कायदा मिनेसोटा राज्याचा, १९९१ चा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. पण मुळात अशा शाळा किती, हे राज्य ठरवतं. न्यूयॉर्क राज्याने १९९८ मध्ये १०० ची मर्यादा घातली. २००७ मध्ये ती २०० आणि २०१० मध्ये ४६० झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव २०१६ साली मतदारांनीच फेटाळला. इतर सरकारी शाळांचा पैसा कमी होईल, असं विरोधकांचं म्हणणं होतं. म्हणजे मुलाची चिठ्ठी निघण्याआधीच बराचसा निकाल विधिमंडळात नाहीतर मतपेटीत लागलेला असतो. नशिबाचा खेळ उरलेल्या जागांपुरताच!