आपोआप नूतनीकरणावर किती विसंबावे

अमेरिकेत अल्प उत्पन्न असणाऱ्यांसाठी केंद्र आणि राज्य सरकारे मिळून ‘मेडिकेड’ ही आरोग्यविमा योजना चालवतात. १९६५ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत एकदा नाव लागले की ते कायमचे राहते असे नाही. ठरावीक काळाने, बहुधा वर्षातून एकदा, लाभार्थ्याची पात्रता पुन्हा तपासली जाते. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यामुळे या तपासणीचा क्रम बदलला. लाभार्थ्याकडे कागद मागण्यापूर्वी राज्याने वेतनाच्या नोंदी, अन्नसाहाय्य योजनेची माहिती, सामाजिक सुरक्षा खात्याचे तपशील असे आपल्याच हाती असलेले दप्तर पाहावे आणि त्यावरून पात्रता दिसत असेल तर कोणाला काही न विचारता मुदत वाढवावी, असा दंडक घातला गेला. प्रशासनात ‘एक्स पार्टे’ म्हणून ओळखले जाणारे हे आपोआप नूतनीकरण पार पडले की घरी फक्त एक सूचनापत्र येते. ते जमले नाही तर उपलब्ध माहिती छापलेला अर्ज येतो आणि तो दुरुस्त करून, सही करून परत पाठवण्यास सर्वसाधारणपणे किमान ३० दिवस मिळतात.

या व्यवस्थेची कसोटी २०२३ मध्ये लागली. मार्च २०२० च्या कायद्याने वाढीव केंद्रीय निधीच्या बदल्यात राज्यांना जवळजवळ कोणाचेही नाव कमी करण्यास मनाई केली होती. त्या तीन वर्षांत मेडिकेड आणि मुलांसाठीची तिची जोडयोजना ‘चिप’ यांतील नावे सुमारे ७ कोटी १० लाखांवरून ९ कोटी ४० लाखांच्या घरात गेली, आणि याच काळात प्रथम नाव लागलेल्या अनेकांना नूतनीकरण नावाचे काही असते याची कल्पनाही नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून ही मनाई उठली. पुढील दीडेक वर्षात अडीच कोटींपर्यंत लोक वगळले गेले. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांचे उत्पन्न वाढल्याचे कोणी सिद्ध केलेले नव्हते. अर्ज परत आला नव्हता किंवा पत्र जुन्या पत्त्यावर गेले होते, एवढेच काय ते कारण. अपात्र ठरणे आणि पात्रता तपासलीच न जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी औषधाच्या दुकानात कार्ड नाकारले जाते तेव्हा ते अंतर उरत नाही.

याच काळात उघडकीस आलेली एक चूक मात्र पत्रांची नव्हती, संगणकप्रणालीची होती. मुलांसाठीची उत्पन्नमर्यादा पालकांच्या मर्यादेपेक्षा बहुतेक ठिकाणी बरीच जास्त असते. त्यामुळे वडिलांचा पगार थोडा वाढला की पालक अपात्र आणि मुले पात्र अशी स्थिती सहज उद्भवते, आणि म्हणूनच नियमाप्रमाणे तपासणी व्यक्तिगणिक व्हायला हवी. अनेक राज्यांच्या प्रणाली ती कुटुंबागणिक करीत होत्या. एका सदस्याची पात्रता नोंदींवरून ठरली नाही की संपूर्ण घराला अर्ज जात होता आणि तो परत आला नाही की मुलांचीही नावे जात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय यंत्रणेने राज्यांना याची विचारणा केली आणि सप्टेंबरमध्ये सुमारे ३० राज्यांत हा दोष असल्याचे जाहीर झाले. जवळपास पाच लाख मुलांना व इतरांना पुन्हा समाविष्ट करावे लागले. अर्ज परत न करणाऱ्या पालकांचा तर्क स्वतःपुरता अगदी चुकीचा नव्हता: पगार वाढला, आता आपल्याला काही मिळणार नाही. तो तर्क मुलांना लागू पडत नव्हता, आणि हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

त्यामुळे स्वतः अपात्र झाल्याची खात्री असणाऱ्यानेही अर्ज भरून परत पाठवावा आणि निर्णयपत्रात घरातील प्रत्येकाच्या नावापुढे काय लिहिले आहे ते वेगवेगळे वाचावे. घर बदलल्यावर पत्ता टपालखात्यात बदलणे पुरेसे नसते, तो राज्याच्या मेडिकेड कार्यालयातही नोंदवावा लागतो. रोख कमाई, टॅक्सी चालवणे, घरगुती डबे पुरवणे अशा उत्पन्नाची नोंद सरकारी दप्तरात सहसा सापडत नाही, म्हणून अशा घरांनी आपोआप नूतनीकरणाची वाट न पाहता हिशेब तयार ठेवलेला बरा. नाव गेलेच, तर बहुतेकांना ९० दिवसांच्या आत राहिलेली माहिती देऊन, नवा अर्ज न करता, फेरविचार मागता येतो; आणि नाव कमी होण्याच्या तारखेआधी सुनावणीची मागणी केल्यास निकाल लागेपर्यंत लाभ सहसा चालू राहतो. (मात्र निकाल विरुद्ध गेल्यास मधल्या काळातील खर्च राज्य मागू शकते.)

अमेरिकेतील मराठी घरांत पात्रतेची ही विभागणी उत्पन्नाबरोबरच नागरिकत्वामुळेही होते. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्डधारक प्रौढांना सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, तर तेथे जन्मलेले मूल पहिल्या दिवसापासून नागरिक असते.

मेडिकेडच्या मर्यादेवरचे लोक सरकारी विमाबाजारातून करसवलतीसह विमा घेतात. तेथे ग्राहकाने मुदतीत काही केले नाही तर जुन्याच माहितीवर विमा पुढे चालू होतो आणि सवलत जास्त मिळाल्यास ती करविवरणपत्र भरताना परत करावी लागते. या परतफेडीला कमी-मध्यम उत्पन्नासाठी असलेली कमाल मर्यादा जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या करवर्षापासून काढून टाकली असून, २०२८ पासून सवलतीसह आपोआप नूतनीकरणही बंद होणार आहे. सरकारजवळ माहिती असताना ती नागरिकाकडून पुन्हा मागणे म्हणजे कागदी घोडे नाचवणेच होय. पण धोरणाचा ओघ सध्या तिकडेच आहे. २०१० च्या कायद्याने मेडिकेडमध्ये आलेल्या प्रौढांची तपासणी २०२७ पासून दर सहा महिन्यांनी होईल, तर मुलांना २०२४ पासून सलग बारा महिन्यांची हमी आहे. एकाच घरात आईची आणि मुलाची तारीख त्यामुळे वेगळी पडेल आणि दोन्ही लिहून ठेवाव्या लागतील.