बाळाची भूक कशी ओळखावी?

सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण झाले, की बाळ रोज सारखेच जेवेल, असे घरातील मंडळींस वाटते. तसे होत नाही. पोखर्णीच्या परिसरात ज्वारीची पेज, मुगाचे वरण व कुस्करलेले केळे हे सुलभ पहिले अन्न होय. आरंभी २-३ चमचे, दिवसातून २-३ वेळा द्यावे व हळूहळू अर्ध्या वाटीवर जावे.

आज वाटी संपविणारे मूल उद्या दोन घासांवर तोंड फिरविते. दात येणे, सर्दी, ताप यांनी भूक मंदावते. पहिल्या वर्षात जन्मवजन सुमारे तिप्पट होते. पुढे वाढीचा वेग उतरतो, तशी भूकही उतरते. ओठ मिटणे, मान वळविणे ही तृप्तीची खूण समजावी. बळजबरीने भरविल्यास ठसका लागतो व अन्नाचा तिटकारा बसतो. भूक कमी दिसली म्हणून पेज पातळ करू नये; अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

मात्र केवळ घासांवरून निर्णय करू नये. अंगणवाडीत दरमहा वजन करवावे. ते दोन महिने वाढले नाही, अथवा बाळ मलूल होऊन दूधही नाकारू लागले, तर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

प्रश्न : पोट भरल्याच्या दोन खुणा सांगा.