चित्र आपले, पान दुसऱ्याचे
(संकेतस्थळांवरील चित्रांची परस्पर जोडणी आणि तिचा बंदोबस्त)

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव पोलादाशी जोडलेले आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरच्या आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतील फार मोठा भाग याच कारखान्यात तयार झालेला आहे. अशा मोठ्या कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या प्रत्येकास दोन प्रश्न विचारले जातात : कोठून आलात, आणि कशासाठी आलात? उत्तर समाधानकारक असेल तरच पुढे जाता येते. आत येणारा माणूस आणि बाहेर पडणारा माल यांचा हिशेब ठेवल्यावाचून कोणताही कारखाना चालू शकत नाही.

संकेतस्थळ हेही एक प्रकारचे भांडारच होय. त्यात लेख, चित्रे, ध्वनिफिती असा माल असतो, आणि तो मागणाऱ्यास देण्याचे काम सर्व्हर नावाचा संगणक अहोरात्र करीत असतो. मात्र पुष्कळशा संकेतस्थळांच्या फाटकावर रखवालदारच नसतो. त्यामुळे कोणी परका मनुष्य त्या भांडारातील चित्र स्वतःच्या पानावर परस्पर दाखवू लागतो. माल आपला, वाहतुकीचा खर्च आपला आणि दुकान मात्र त्याचे! या प्रकारास ‘हॉटलिंकिंग’ असे म्हणतात. प्रस्तुत पुस्तिकेत त्यास ‘परस्पर जोडणी’ म्हटले आहे. ती कशी घडते, तिच्यामुळे काय बिघडते आणि तिला आळा कसा घालावा, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

चित्र पानात येते कसे?

छापील पुस्तकाच्या पानावर मजकूर आणि चित्र एकाच कागदावर असतात. संकेतस्थळाच्या पानाचे तसे नसते. पान म्हणून जी फाईल ब्राउझरकडे येते तिच्यात मजकूर असतो, चित्र नसते. चित्राच्या जागी फक्त एक सूचना असते : ‘अमुक पत्त्यावरील चित्र येथे दाखवावे.’ ती सूचना वाचून ब्राउझर त्या पत्त्यावर वेगळी विनंती पाठवितो आणि चित्र आले की ते नेमून दिलेल्या जागी बसवितो. एका पानात वीस चित्रे असतील, तर पानाची एक आणि चित्रांच्या वीस अशा एकंदर एकवीस विनंत्या होतात. वाचकास मात्र सारे एकाच वेळी आल्यासारखे भासते.

विश्वजालाची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली युरोपातील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत मांडली. मजकुरातच चित्र दाखविण्याची सूचना कशी लिहावी, याविषयीचा प्रस्ताव मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये मांडला, आणि ‘मोझेक’ या ब्राउझरने ती सोय सर्वपरिचित केली. या सूचनेत चित्राचा पत्ता कोणता असावा यावर काहीच बंधन नव्हते. तो त्याच संकेतस्थळावरील असू शकतो, तसाच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या संगणकावरीलही असू शकतो. परस्पर जोडणीचा उगम या मोकळीकीतच आहे. ही मोकळीक म्हणजे दोष नव्हे. तिच्यामुळेच विश्वजालाला जाळ्याचे रूप आले. पण मोकळ्या दाराचा गैरफायदाही घेता येतो, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

खर्चाचा हिशेब

समजा, भिलाईतील एका शाळेने आपले संकेतस्थळ उभारले. तेथील मैत्रीबाग या प्राणिसंग्रहालयात पांढरे वाघ आहेत. विद्यार्थ्यांची सहल तेथे गेली असता एकाने काढलेले वाघाचे सुरेख छायाचित्र शाळेने संकेतस्थळावर ठेवले. छायाचित्राची फाईल २ मेगाबाइटची आहे. संकेतस्थळाची जागा शाळेने ज्या कंपनीकडून भाड्याने घेतली आहे, तिने महिन्याला १०० गीगाबाइट डेटा बाहेर पाठविण्याची मर्यादा घालून दिली आहे. शाळेच्या संकेतस्थळास रोज पन्नास-साठ पालक भेट देतात, त्यामुळे एवढी मर्यादा पुरून उरते.

आता एका लोकप्रिय संकेतस्थळाने तेच छायाचित्र आपल्या पानावर परस्पर जोडले, आणि ते पान रोज ५,००० नवे वाचक पाहू लागले. प्रत्येक वाचकामागे २ मेगाबाइट, म्हणजे रोज १०,००० मेगाबाइट, अर्थात सुमारे १० गीगाबाइट डेटा शाळेच्या सर्व्हरवरून जाणार. दहा दिवसांत महिन्याची सारी मर्यादा संपली! अकराव्या दिवशी एखाद्या पालकाने परीक्षेचे वेळापत्रक पाहण्यासाठी संकेतस्थळ उघडले, तर ते बंद आढळेल, किंवा शाळेच्या नावे जादा आकाराचे बिल निघेल. ज्यांनी वाघ पाहिला त्या पाच हजार वाचकांना शाळेचे नावही ठाऊक नाही. छायाचित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यास श्रेयही नाही. खर्च तेवढा शाळेचा.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील गणित खरे आहे. त्यातून पहिला उपायही सुचतो. तेच छायाचित्र योग्य रीतीने लहान करून २०० किलोबाइटचे केले, तर रोजचा खर्च १० ऐवजी १ गीगाबाइटवर येतो. म्हणून रखवालदार नेमण्यापूर्वी माल हलका करावा, हे उत्तम.

नऊ कोटी वेळा मागविलेले फूल

परस्पर जोडणीचे एक विलक्षण उदाहरण भारतातच घडले. विकिपीडियातील चित्रे ‘विकिमीडिया कॉमन्स’ या मुक्त भांडारात ठेवलेली असतात. २०२१ सालच्या फेब्रुवारीत तेथील अभियंत्यांना असे दिसून आले की, ॲस्टर जातीच्या जांभळ्या फुलाच्या एका साध्या छायाचित्राला भारतातून रोज सुमारे ९ कोटी वेळा मागणी येत आहे. त्यांच्या एका केंद्राकडे येणाऱ्या चित्रविषयक मागण्यांपैकी जवळजवळ २० टक्के मागणी या एकट्या फुलाची होती. एवढे पुष्पप्रेम अचानक कोठून उत्पन्न झाले, हे कोडेच होते.

जुन्या नोंदी तपासता ही वाढ जून २०२० पासूनची असल्याचे आढळले. मागण्या असंख्य निरनिराळ्या ठिकाणांहून येत होत्या आणि त्यांची भरती-ओहोटी माणसांच्या दिवस-रात्रीच्या वेळापत्रकाप्रमाणे होती. त्यावरून हे काम एखाद्या लोकप्रिय मोबाईल ॲपचे असावे असा तर्क करण्यात आला, आणि तो बरोबर ठरला. ते ॲप सुरू होताच हे चित्र मागवीत असे. मात्र वापरणाऱ्यास ते दाखवीतही नसे! चाचणीसाठी लिहिलेली एखादी ओळ बहुधा काढून टाकावयाची राहून गेली असावी. विकिमीडियासारख्या मोठ्या संस्थेने हा भार सोसला; एखाद्या शाळेचा सर्व्हर काही क्षणांतच कोलमडला असता. या घटनेत कोणाचा दुष्ट हेतू होता असे दिसत नाही. परस्पर जोडणी पुष्कळदा अज्ञानाने किंवा निष्काळजीपणाने होते, हा या प्रसंगाचा बोध होय.

जोडणाऱ्याचे नुकसान

दुसऱ्याच्या चित्रावर विसंबणारा स्वतःही धोक्यात असतो. चित्राचा मालक ते काढून टाकू शकतो. मग पानावर रिकामी चौकट उरते. त्याहून वाईट म्हणजे, पत्ता तोच ठेवून तो चित्र बदलू शकतो. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅक्केन यांच्या ‘मायस्पेस’ या स्थळावरील प्रचारपानात २००७ साली असेच झाले. त्या पानावर माइक डेव्हिडसन या रचनाकाराच्या सर्व्हरवरील एक चित्र परस्पर जोडलेले होते. डेव्हिडसन यांनी त्याच पत्त्यावर दुसरे चित्र ठेवले. त्यात मॅक्केन यांनी एका वादग्रस्त प्रश्नावर आपले मत बदलल्याची थट्टेची घोषणा होती. ती काही काळ खुद्द मॅक्केन यांच्या पानावर झळकली. परक्याच्या विहिरीवर आपला मळा लावणाऱ्याने दोराची मालकी कोणाकडे आहे, याचा विचार केलेला बरा.

रखवालदाराचा प्रश्न

आता मुख्य उपायाकडे वळू. ब्राउझर चित्राची विनंती पाठवितो तेव्हा तिच्यासोबत काही माहितीही पाठवितो. त्यात ‘रेफरर’ नावाची एक नोंद असते. आपण कोणत्या पानावरून ही विनंती करीत आहोत, हे ती सांगते. फाटकावरील ‘कोठून आलात?’ या प्रश्नाचे ते उत्तरच होय. या नोंदीची एक गंमत आहे. तिच्या इंग्रजी नावातील एक ‘आर’ आरंभीच गळला. ही चूक मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणपत्रकातही कायम राहिली आणि आज सारे जग ते नाव तसेच चुकीचे लिहिते.

अलीकडे वाचकाच्या खाजगीपणाच्या रक्षणासाठी प्रमुख ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळाला पानाचा पूर्ण पत्ता कळवीत नाहीत. फक्त संकेतस्थळाचे नाव कळवितात. आपल्या कामास तेवढे पुरेसे आहे. ‘अपाचे’ आणि ‘एनजिनएक्स’ या प्रचलित सर्व्हरांमध्ये या नोंदीवरून नियम लिहिण्याची सोय आहे, आणि जागा भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या नुसती एक कळ दाबून तो नियम लागू करण्याची सवलत देतात. नियमाची रचना अशी असते :

१. विनंती चित्राच्या फाईलसाठी आहे काय? नसल्यास हा नियम लागू करू नये.

२. रेफररची नोंद रिकामी आहे काय? असल्यास चित्र द्यावे. खाजगीपणा जपणारी काही साधने ही नोंद पुसून टाकतात. तसेच कोणी चित्राचा पत्ता थेट उघडला तरी ती रिकामीच असते. अशा प्रामाणिक वाचकांस परत पाठविणे योग्य नव्हे.

३. नोंदीतील नाव आपल्याच संकेतस्थळाचे, किंवा ज्यांना परवानगी दिली आहे त्यांचे आहे काय? असल्यास चित्र द्यावे. शोधयंत्रांतून आपली चित्रे सापडावीत अशी इच्छा असेल, तर त्यांचीही नावे या यादीत घालावी.

४. यांपैकी काहीच नसल्यास चित्र नाकारावे. या नकाराचा सांकेतिक क्रमांक ४०३ आहे.

येथे दोन चुका टाळल्या पाहिजेत. पहिली, नाव पूर्णपणे जुळते की नाही हे पाहावे. पत्त्यात कोठेही आपले नाव आले की पुरे, असा ढिला नियम लिहिल्यास परक्याला आपल्या पत्त्याच्या शेपटीत ते नाव घालून सहज आत शिरता येते. दुसरी, नाकारण्याऐवजी ‘हे चित्र अमुक शाळेचे आहे’ अशी पाटी दाखवावयाची असेल, तर ती पाटीही एक चित्रच असते. तिला नियमातून वगळले नाही, तर पाटीची विनंतीही परत पाटीकडेच पाठविली जाते आणि चक्र संपतच नाही. पाटी अर्थातच आकाराने अगदी लहान असावी.

या उपायाची मर्यादा

रखवालदार उत्तर ऐकतो; पण ते उत्तर खरे आहे की नाही, हे त्याला पारखता येत नाही. साधा ब्राउझर खोटे बोलत नाही, परंतु मुद्दाम लिहिलेला प्रोग्रॅम रेफररमध्ये हवे ते नाव घालू शकतो. मोबाईल ॲप ही नोंद पाठवीलच, असेही नाही. ज्यांना अधिक कडक बंदोबस्त हवा आहे, ते चित्राच्या पत्त्यात सांकेतिक सही आणि मुदत घालतात. मुदत टळली की तो पत्ता निरुपयोगी होतो. आपले चित्र दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात बसवू नये, अशी आज्ञा चित्रासोबतच ब्राउझरला देण्याचीही सोय आता झाली आहे. तिच्यामुळे चित्र परक्या पानावर दिसत नाही.

शिवाय, परस्पर जोडणी थांबविणे म्हणजे नक्कल थांबविणे नव्हे. चित्र एकदा पडद्यावर आले की ते कोणीही उतरवून घेऊ शकतो. म्हणून मुलांची छायाचित्रे आणि खाजगी कागदपत्रे यांच्या बाबतीत या नियमावर विसंबू नये. जे सर्वांच्या हाती पडू नये, ते जाळ्यावर उघडे ठेवूच नये.

कायद्याची बाजू

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि छायाचित्रांस त्याचे संरक्षण आहे. परस्पर जोडणीत मात्र जोडणारा चित्राची नक्कल आपल्याकडे ठेवीत नाही; तो केवळ पत्ता देतो. हा भंग आहे की नाही, याविषयी जगातील न्यायालयांची मते सारखी नाहीत. २००७ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने असे ठरविले की, मोठे चित्र गूगलच्या सर्व्हरवर नसून दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येत असल्यामुळे ते गूगलने प्रदर्शित केले असे होत नाही. उलट, ९ मार्च २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की, हक्कदाराने प्रभावी तांत्रिक अडसर घातला असेल, तर तो चुकवून चित्र आपल्या पानात बसविण्यास त्याची परवानगी लागते. भारताच्या कायद्यातही २०१२ साली कलम ६५-क घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने असा अडसर मोडणे त्यान्वये दंडनीय आहे. तात्पर्य, कुंपण घातलेल्या शेताची बाजू न्यायालयातही अधिक बळकट ठरते.

दुसऱ्याचे चित्र हवे असल्यास सरळ मार्ग तीन आहेत : परवानगी मागावी; मुक्त परवान्याचे चित्र निवडून ते आपल्या सर्व्हरवर ठेवावे व कर्त्याचे नाव द्यावे; किंवा चित्र न दाखविता मूळ पानाचा दुवा द्यावा. विकिमीडिया कॉमन्स परस्पर जोडणीस मनाई करीत नाही, पण तिची शिफारसही करीत नाही.

स्वाध्याय

१. संगणकावर एखाद्या बातमीचे पान उघडून त्यातील पाच चित्रांचे पत्ते पाहा. किती चित्रे त्याच संकेतस्थळावरून आली आहेत?

२. एका चित्राचा आकार ५०० किलोबाइट असून ते रोज ८,००० वेळा परस्पर मागविले जाते. तीस दिवसांत किती गीगाबाइट खर्च होईल? (१ गीगाबाइट = १,००० मेगाबाइट धरावे.)

३. रेफरर रिकामा असलेली प्रत्येक विनंती नाकारली, तर कोणत्या प्रामाणिक वाचकांची गैरसोय होईल?

४. आपल्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील चित्रांपैकी कोणती दुसऱ्याची आहेत, त्यांस परवानगी आहे काय आणि कर्त्यांची नावे दिली आहेत काय, याची एक यादी तयार करा.