स्पेन्सरची शिकारी रायफल

अमेरिकन यादवी युद्ध (१८६१-६५) अभ्यासताना लिंकन, गुलामगिरी, गेटिसबर्ग एवढे आपण वहीत टिपून घेतो. त्या युद्धातील हत्यारांचे पुढे काय झाले, हे क्रमिक पुस्तक सांगत नाही. म्हणून प्रस्तुत लेखासाठी मी एक लहानसा विषय घेतला आहे : घोडदळाच्या कार्बाइनवरून तयार झालेली स्पेन्सरची शिकारी रायफल.

ख्रिस्तोफर स्पेन्सर हा कनेक्टिकटमधील चेनी बंधूंच्या रेशीम गिरणीतला कारागीर. (माझे वडील मागावर काम करतात, त्यामुळे या बंदुकीचा कर्ता गिरणीतला निघाला, याचे मला विशेष वाटले.) ६ मार्च १८६० रोजी त्याला पेटंट मिळाले. त्या काळी बहुतेक शिपाई नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून बार काढीत. स्पेन्सरने बंदुकीच्या दस्त्यात एक नळकांडे बसवून त्यात सात काडतुसे ठेवली. चापाखालची तरफ खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडे. वर घेतली की पुढचे नळीत सरके. घोडा मात्र दर वेळी अंगठ्याने चढवावा लागे. ऑगस्ट १८६३ मध्ये लिंकनने स्वतः ही बंदूक चालवून पाहिली. घोड्यावरून वापरायची म्हणून कार्बाइनची नळी अवघी २२ इंचांची होती. सरकारने अशा नव्वद हजारांहून अधिक कार्बाइनी विकत घेतल्या.

शिकारी रायफलीत यंत्रणा हीच. नळी तेवढी लांब, काहींची अष्टकोनी, आणि स्वाराच्या पट्ट्याची कडी काढून टाकलेली. कारखान्याने अशा रायफली अगदी मोजक्या केल्या. म्हणूनच आज संग्राहकांना त्या दुर्मीळ वाटतात.

इतका चांगला माल, मग तो खपला का नाही? विंचेस्टरच्या रायफलीत गोळ्या अधिक मावत, हे एक कारण दिले जाते. ते खोटे नाही, पण मला ते अपुरे वाटते. खरे उत्तर अर्थशास्त्रात आहे. १८६५ मध्ये घरी परतणाऱ्या सैनिकाला दहा डॉलर भरून आपली स्पेन्सर कार्बाइन सोबत नेण्याची मुभा मिळाली. शिवाय सरकारकडे उरलेल्या बंदुकांचा साठा होताच. ज्याला एखादे हरीण मारायचे, तो नवी महागडी रायफल कशाला घेईल? हौस असलीच तर जुन्या कार्बाइनीला लांब नळी बसवून देणारे कारागीर होते. म्हणजे कारखान्याच्या मुळावर आला तो त्याचाच माल! सरकारसारखे मोठे गिऱ्हाईक एकदा तृप्त झाले, की एवढा मोठा कारखाना शिकाऱ्यांच्या हौसेवर कसा चालावा?

१८६८ मध्ये कंपनी बंद पडली आणि १८६९ मध्ये तिची मालमत्ता विंचेस्टरकडे गेली. स्पेन्सर स्वतः मात्र स्क्रू आपोआप तयार करणाऱ्या यंत्राच्या मागे लागला. त्याचे पेटंट त्याला १८७३ मध्ये मिळाले.