लेटरबॉक्सवर आधी नाव लाव

अगं, ॲडमिशन झाली, जर्मनीचा व्हिसाही आला, आता जो तो तुला एकच विचारत असेल, कॉलेज कधी सुरू? मी विचारते, तू पोचणार कधी? ब्रेमेन विद्यापीठाचं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तास ऑक्टोबरच्या मध्यावर. ते बघून कितीतरी मुलं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढतात आणि मग पहिले दोन महिने लेक्चर सोडून सरकारी कचेऱ्यांत बसतात. तू सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ये. मध्ये गणपती येत असतील तर यंदाची आरती फोनवर कर. आईला वाईट वाटेल, मला माहीत आहे, पण हे चार आठवडे तुला पुन्हा मिळणार नाहीत.

पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे, दोन्ही शहरांची मैत्रीही जुनी, म्हणून नाव तुझ्या ओळखीचं आहे. पण इथे तुला ओळखायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे तुझा पत्ता. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला अनमेल्डुंग म्हणतात आणि हा शब्द तू इतक्यांदा ऐकशील की झोपेतही बोलशील. त्यासाठी पासपोर्टबरोबर घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, ही मुलगी अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते, असा. बँक, आरोग्य विमा, टॅक्सचा नंबर, राहण्याचा परवाना, सगळ्यांची गाडी पुढे या नोंदणीशी येऊन थांबते. म्हणून खोली बघताना भाडं विचारायच्या आधी विचार, 'इथे अनमेल्डुंग करता येईल ना?' उत्तर गोलमोल आलं तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडून दे. अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पत्ता नक्की झाला की भारतातूनच तारीख घेऊन ठेव.

आणि ऐक, 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं सांगणाऱ्या माणसाला एक युरोही पाठवायचा नाही. फोटो कितीही सुंदर असोत. घराची टंचाई आहे, मुलं घाबरलेली असतात आणि नेमकं हेच या लोकांना ठाऊक असतं. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज ॲडमिशन मिळाल्या दिवशीच करायचा असतो, केला नसशील तर आजच कर, तिथली यादी लांब असते. नाहीच मिळालं तर पहिले काही आठवडे कुणाच्या रिकाम्या खोलीत भाड्याने राहा, आणि इथे आल्यावर स्वतः जाऊन, घर बघून, माणसं बघून ठरव.

किल्ली हातात आली की सामान सोडायच्या आधी खाली जा. इमारतीच्या दारात लेटरबॉक्सची रांग असते. इथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव नसलं तर पत्र परत. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्सचा नंबर, परवान्याच्या तारखेचं पत्र, हे सगळं अजूनही पोस्टाने येतं. आपल्याकडे पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र लिहिलेलं असतं, त्यामुळे एखादं पत्र तुझ्या नावाने येईल, एखाद्यावर मध्ये बाबांचं नाव असेल. आडनाव मात्र सगळीकडे एकच आणि त्याच स्पेलिंगने असायला हवं. बेलवर आणि बॉक्सवर, दोन्हीकडे लाव. घरमालक पट्टी करून देईपर्यंत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटपट्टीने चिकटव.

पैशांचं थोडक्यात सांगते. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून तुला महिन्याला ९९२ युरो मिळणार, पण त्यासाठी इथलं चालू खातं उघडावं लागतं. तोवर पहिला महिना आणि घराचं डिपॉझिट निभेल एवढी तरतूद वेगळी ठेव. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागू शकतात. घरात राहणाऱ्यांनी मिळून रेडिओ-टीव्हीची वर्गणीही द्यायची असते, महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. तिचं पत्र आलं तर खोटं समजून फेकू नकोस.

बॅग भरताना तूप घेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दूध-तूप, मांस सामानातून आणायला बंदी आहे, आणि आजीने कढवलेलं तूप विमानतळावर टाकून देताना जीव तुटतो. डाळी, कणिक इथे मिळतात, तुर्की दुकानात कोथिंबीर, पुदिना, भेंडीसुद्धा. गोडा मसाला आण, छोटा कुकर आण. जाड स्वेटर पुण्यात घेऊ नकोस. ब्रेमेनला थंडीपेक्षा वारा आणि पाऊस जास्त छळतात, छत्री उलटी होते. टोपीचं रेनजॅकेट इथे येऊन घे.

स्वयंपाकाबद्दल आणखी एक. तू तिघाचौघांबरोबर व्हेगेत, म्हणजे एकत्र भाड्याच्या घरात राहशील. फोडणी घालण्याआधी स्वयंपाकघराचं दार लाव आणि खिडकी सताड उघड. थंडीतही. इथली घरं इतकी घट्ट बंद असतात की भाताची वाफ आणि कपड्यांची ओल भिंतीतच मुरते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाऊ शकतो. म्हणून दिवसातून दोनतीनदा, पाच-दहा मिनिटं, सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या. नुसती फट ठेवून उपयोग नाही. घरातली मुलं हे सांगतील तेव्हा राग मानू नकोस, त्यांना तुझ्या जेवणाचा त्रास नसतो, भिंतीची काळजी असते.

तुझा कोर्स इंग्रजीत आहे, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात केलेली जर्मनची ए-टू पातळी पहिल्या सेमिस्टरच्या गडबडीत पार पुसली जाते. या चार आठवड्यांत ती वापर. बेकरीत, ट्राममध्ये, कचेरीत मोडकंतोडकं जर्मनच बोल, समोरचा इंग्रजीत उत्तर देईल तरी तू जर्मन सोडू नकोस. पुढे इंटर्नशिप मागायला जाशील तेव्हा कळेल मी का म्हणत होते. मराठी मुलांच्या ग्रुपमध्ये जरूर जा, पहिल्या आठवड्यात गादी आणि सायकल तेच मिळवून देतील. पण संध्याकाळी रोज तिथेच रमलीस तर शहर तुझं होणार नाही. ओरिएंटेशन वीक चुकवू नकोस, तुझे वर्षभराचे सोबती तिथेच भेटतील.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शक्यतो शनिवारी रात्री उतरू नकोस. रिकाम्या खोलीत, बंद शहरात पहिला रविवार फार लांब होतो. आणि घरी फोन करशील तेव्हा 'सगळं मस्त' एवढंच सांगू नकोस गं. आईला खोटं लगेच कळतं आणि मग ती रात्रभर जागते. अमुक कागद अडलाय, तमुक खोली पाहिली, असं नेमकं सांग, तिला धीर येतो. तू येशील तेव्हा साडेतीन तासांचा फरक असेल, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात की साडेचार. मग पुण्यात रात्रीचे नऊ म्हणजे तुझ्याकडे साडेचार, आणि डिसेंबरात तेव्हा बाहेर काळोख पडायला लागलेला असतो. त्या दिवसांत दुपारी उजेड असताना बाहेर पड, वेझर नदीच्या काठाने चालून ये, अभ्यास असला तरी.

जीवावर बेतलं तर ११२, पोलिसांसाठी ११०, आणि रात्री-बेरात्री ताप चढला पण ॲम्ब्युलन्स लागण्याइतकं काही नाही, तेव्हा ११६११७. तिन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये घाल. चौथा माझा.