मिरचीची रोपे का कोलमडतात?

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या सुक्या लवंगी मिरचीचे बी कुंडीत पेरले. थोडेच उगवले, तेही आडवे पडले. काय चुकले?

उत्तर : साठवणीतले बी बरेचदा जुने असते, म्हणून उगवण कमी. झाडावरच लालभडक पिकलेल्या मिरचीचे बी सावलीत वाळवून घ्या. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंश तापमानात ८ ते १५ दिवसांत कोंब दिसतात. भूत जोलोकिया जातीच्या मिरचीला महिनाही लागतो, तोवर माती उकरून पाहू नका!

रोप आडवे पडणे हा बुरशीचा रोग. पाणी जास्त झाले की खोड मातीलगत तपकिरी, दोऱ्यासारखे बारीक होते. अशी रोपे सहसा वाचत नाहीत, काढून टाका. पुन्हा पेरताना बी विरळ टाका आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच सकाळी पाणी द्या.