जीर्णवस्त्राचे दान व जनाबाईंची वाकळ

एका महिला भजनी मंडळाची शंका आमच्याकडे आली आहे. मंडळातल्या बाया जुनी लुगडी, धोतरे नि चिंध्या जमवून वाकळा शिवणार, आणि त्या कार्तिकीच्या आधी पंढरपुरास एका धर्मशाळेत देणार. मात्र गावातील एका शास्त्री मंडळींनी आक्षेप घेतला, की वापरलेले वस्त्र दानास अयोग्य. फाटके देऊन पुण्य कसले? बाया हिरमुसल्या. सबब या प्रश्नाचा थोडा विचार करू.

आक्षेपाला आधार नाही असे नाही. कठोपनिषदाचा आरंभच अशा दानाने झाला आहे. वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेस गाई आणल्या त्या कशा? पाणी पिण्याचे, गवत खाण्याचे त्राण संपलेल्या, दूध आटलेल्या. पोरगा नचिकेत ते पाहून अस्वस्थ झाला आणि बापाला विचारता झाला, की मला कोणाला देणार? पुढची कथा श्रोत्यांना ठाऊकच आहे. पण येथे नीट पाहावे. दोष गाईंच्या वयाचा नव्हे. गाय देतात ती दुधासाठी. त्या गाईंपासून घेणाऱ्याला दूध मिळणार नव्हते, उलट त्यांना पोसण्याचा भार मात्र पडणार होता. तोच कस वाकळीला लावा. वाकळ देतात ती उबेसाठी. ऊब देते का? मग कापड जुने असले म्हणून काय बिघडले! आणि देत नसेल, हातात धरताच विरत असेल, तर ती वाजश्रवसाची गाय, हे शास्त्रीबुवांचे म्हणणे आम्हांसही मान्य.

दुसरे असे, की चिंधी देणे वेगळे आणि वाकळ देणे वेगळे. चिंधी घरात नको झाली म्हणून जाते. वाकळीत मात्र चार-सहा जणींचे कित्येक दिवस बसलेले असतात. दान त्या दिवसांचे होय. कापड हे निमित्त.

वाकळीची थोरवी आमच्या संप्रदायाला कोणी शिकवावी असे नाही. जनाबाईंची कथा आहे ना! देव रात्री जनीच्या घरी आले, काकड्याची वेळ झाली तशी घाईघाईत उठले. आपला शेला नि पदक तिथेच राहिले, आणि अंगावर जनीची वाकळ घेऊन राउळात जाऊन उभे राहिले. सकाळी पुजारी बघतात तो देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ! चोरीचा आळ जनीवर आला, सुळापर्यंत नेली बिचारीला, आणि सुळाचे पाणी झाले. कीर्तनात आपण सुळावर फार वेळ घालवतो. पण देवाने पांघरले काय, इकडे लक्ष द्यावे. दासीने पांघरलेले, वापरलेले वस्त्र त्याला जड झाले नाही. अलीकडच्या काळात श्रीगाडगेबाबांनी (१८७६-१९५६) अंगावर चिंध्याच वागविल्या, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. आणि त्यांनीच पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या.

आता कामाचे. नऊवारी लुगडे साधारण सव्वा वार पन्ह्याचे. त्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे करावे. दोन-दोन शेजारी जोडले की वाकळीचा तळ आणि माथा दोन्ही एकाच लुगड्यात निघतात. आत धोतरे, सदरे, चिंध्या पसराव्या. सगळे आधी कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले असावे. नव्या सुती कापडाची कातरण असेल तर तीही धुवावी, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि वाकळ गोळा होते. नायलॉनची पातळे चकाकतात खरी, पण घाम टिपत नाहीत आणि आतल्या आत सरकतात; ती नकोत. जमीन सारवून किंवा पुसून थर ताणावे, कोपऱ्यांवर दगड ठेवावे, आधी लांब कच्चे टाके घालावे. मग चारी बाजूंनी बाया बसून काठाकडून आत, बोटभर अंतराने धावदोरा घालीत जावे. ओळी विरळ झाल्या तर चिंध्या धुण्यात एका जागी जमतात. टाका फार आवळला तर थरांमधली हवा दबते, आणि ऊब त्या हवेचीच असते.

कोणाची चिंधी कोणत्या घरची, हे चौकशीत आणू नये. एकदा धावदोरा पडला की पाटलाचे धोतर आणि मजुरिणीचे लुगडे वेगळे काढता येत नाही, आणि ते बरेच आहे. वाकळीवर मंडळाचे नाव शिवण्याची टूम आम्ही पाहिली, ती सोडावी. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला श्रद्धेने द्यायला सांगतात, तसे लाजून द्यायलाही सांगतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर अवमानाने दिलेले दान तामस ठरवले आहे. देताना फोटो काढण्यासाठी म्हाताऱ्या वारकऱ्याला उभे करून ठेवणे, हे काय सन्मानाचे लक्षण म्हणावे?

देश-काळही पाहावा. आषाढीत जाड वाकळ भिजली की दोन-दोन दिवस वाळत नाही, ओझे मात्र होते. तेव्हा पातळ, दोन थरांचे दुपटे बरे. कार्तिकी आणि माघीला थंडी, तेव्हा जाड वाकळीचा खरा उपयोग. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रोगी आणि त्यांचे नातलग उतरतात. अशा ठिकाणी रोग्याच्या अंगावर जुन्या कापडाची वाकळ घालू नये, जंतूंचे भय असते. काय चालेल ते व्यवस्थापकांना पत्राने आधी विचारावे, आणि ते नको म्हणाले तर राग मानू नये.

तेव्हा माउलींनो, कार्तिकीला अवकाश आहे. तोवर आठ-दहा वाकळा होतील. न्यायच्या आधी प्रत्येक वाकळ एक रात्र आपण स्वतः पांघरून पाहावी; जिथे गार लागेल तिथे आणखी एक थर घालावा, आणि धुऊन मग बांधावी.